रंगाचा डबा उघडण्याआधी कळवा : खानदेशातल्या युद्धस्मारकांसाठी आवाहन

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधीचा आठवडा युद्धस्मारकांना सगळ्यात वाईट जातो. चावडी धुतली जाते, झेंड्याचा ओटा रंगतो आणि डब्यात उरलेला ऑइलपेंट शेजारच्या स्मारकावर फासला जातो. हेतू चांगलाच असतो. पण वर्षाला दोन थर धरले तरी दहा वर्षांत वीस थर होतात आणि खोदलेली अक्षरं बुजून जातात. मग कुणीतरी तारेचा ब्रश किंवा फरशी धुण्याचं ॲसिड आणतं. संगमरवर हा मुळात चुनखडीचाच भाऊ. ॲसिड पडलं की फेस येतो, तो मळाचा नसतो, दगडच विरघळत असतो. त्यानंतर कुणालाही काही करता येत नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत युद्धस्मारकांची नोंद, सफाई आणि किरकोळ दुरुस्ती करणारा आमचा स्वयंसेवकांचा गट आहे. अडचण एवढीच, की असा गट आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. बोलावणं येतं ते दगड फुटल्यावर. म्हणून या वर्षी आम्ही मदतीच्या आधी ओळख मागतो आहोत.

स्मारक म्हणजे फक्त चौकातला पुतळा नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर गावोगावी छोट्या संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या : या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. पाटी बहुधा वेशीत, चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत असते आणि तिच्यावर नावं नसतात, फक्त आकडे. १९६२, १९६५, १९७१ आणि कारगिलच्या जवानांची स्मारकं त्यानंतरची. २०२३ मध्ये ‘मेरी माटी, मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींत लागलेले शिलाफलकही आम्ही नोंदवतो. वीरगळाचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या जुन्या कोरीव दगडाचं, प्रकरण वेगळं. त्यावर शेंदूर चढला की तो देव झाला. त्याला आम्ही हात लावत नाही, फोटो घेऊन नोंद तेवढी करतो. तुम्हीही खरवडू नका. पारंपरिक शेंदुरात शिसं असतं, त्याची कोरडी धूळ नाकातोंडात जाणं घातक.

आकड्यामागचं नाव शोधणं हे आमचं सर्वांत किचकट काम आणि त्यासाठीच घरोघरच्या लोकांची मदत लागते. इराकमधल्या बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं त्या दगडावर कोरलीच गेली नाहीत. पलटणीपुढे नुसता आकडा. म्हणजे गावातही आकडा आणि तिकडेही आकडा. नावं मिळतात ती राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत. त्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात आणि अनेक नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुकाही दिलेला असतो. शोधताना जळगाव जिल्हा असं टाकलंत तर हाती काही लागणार नाही. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यामुळे नोंद पूर्व खानदेश किंवा पश्चिम खानदेश अशी सापडते. धुळ्याचं तिथे धुलिया होतं आणि गावाच्या नावाचं इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं काहीही. एकाच नावाचे चार शिपाई निघाले तर खात्रीचा धागा एकच, पलटणीतला नंबर.

तो नंबर तुमच्या घरात असू शकतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मृताच्या घरी साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची गोल चकतीही पाठवली जात असे. तिच्यावर उभी बाई, पायाशी सिंह आणि चौकटीत मृताचं नाव. चांदीचं पदक सराफाकडे आणि चकती मोडीत, असं होऊ देऊ नका. चिंच किंवा राख लावून घासूही नका, कारण कडेवरची अक्षरं आधी झिजतात. कडेचे चार-पाच फोटो काढून पाठवा. वस्तू तुमच्याच घरी राहील, आम्ही ती मागत नाही आणि विकतही घेत नाही.

स्मारकाचे फोटो पाठवायचे तर दुपारी काढू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना पुसट अक्षरांत सावली भरते आणि मजकूर उठून दिसतो. पाटी सावलीत असेल तर रात्री बॅटरी बाजूने, दगडाला जवळपास टेकवून धरा. अक्षरांत खडू, हळद, कुंकू भरू नका. एक फोटो समोरून पट्टी ठेवून, एक प्रत्येक भेगेचा, एक दुरून आजूबाजूच्या खुणांसह. दुरून काढलेला फोटो लोक हमखास विसरतात आणि रस्ता रुंद होताना पाटी हलली, की मूळ जागा सांगणारं काही उरत नाही.

सफाई साधी आहे, फक्त वेळ मागते. आधी कोरडा मऊ ब्रश, मग भरपूर स्वच्छ पाणी आणि नायलॉनचा ब्रश, काम खालून वर. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळ कोरड्या दगडात मुरतात. बोअरचं खारं पाणी वापरलं तर वाळल्यावर पांढरे डाग धरतात. चुन्याचे थर ओले करून बांबूच्या काडीने काढायचे. ऑइलपेंट मात्र तुम्ही काढू नका, ते आमच्यावर सोडा.

नवं स्मारक उभारणाऱ्या गावांना चार गोष्टी आवर्जून सांगतो. तापीकाठची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ओटा उठवला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो कलतो आणि पाटीला कर्णरेषेत तडा जातो. पाया मुरमापर्यंत न्या. पाटी लोखंडी खिळ्यांवर अडकवू नका. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाचे कोपरे उडवतं. स्टेनलेस स्टीलच्या पिना वापरा. चिकटवलेली प्लास्टिकची अक्षरं आपल्या मे महिन्यात टिकत नाहीत, अक्षरं खोदूनच घ्या. आणि कोरण्याआधी नाव तीन ठिकाणी ताडा : कुटुंबाकडे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या यादीत.

आता मागणं. रोख वर्गणी आम्ही घेत नाही, वस्तू घेतो आणि पोच देतो. ६० नायलॉन ब्रश, २० बादल्या, पाठीवरचे हातपंप ४ (औषध फवारलेले चालणार नाहीत, कोरे हवेत), घडीची शिडी १, आणि पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याचे दोन बाय तीन फुटांचे ४० फलक. फलकावर स्मारकाची माहिती आणि खाली ठळक एकच ओळ : रंगवण्याआधी, हलवण्याआधी कळवा. फलक स्मारकाला ठोकायचा नाही, पाच फूट अंतरावर खांबावर लावायचा. फ्लेक्स देऊ करणाऱ्यांचे आभार, पण फ्लेक्स उन्हात वर्षभरही टिकत नाही.

माणसंही हवीत. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरातला एक दिवस आम्हाला द्यावा. पंधरा मुलं आणि एक टँकर एवढ्यात एक स्मारक नीट होतं. सारंगखेड्याच्या यात्रेत आणि अमळनेरला वैशाखातल्या यात्रेत दहा बाय दहाची जागा कुणी मिळवून दिली, तर आमचं बारा तक्त्यांचं प्रदर्शन तिथे लागेल. दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा बहुतेक वेळा ७ डिसेंबरचा ध्वजदिन आणि १६ डिसेंबरचा विजय दिवस यांच्या आसपासच येते, तेव्हा सुट्टीवर आलेले जवानही भेटतात. शिवाय गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे आवाहन टाका, कीर्तनकारांना सप्ताहात दोन मिनिटं बोलायला सांगा. कीर्तनातून सांगितलेलं गावात जास्त टिकतं.

ग्रामपंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत एवढाच ठराव घ्यावा, की स्मारकाला रंग, दुरुस्ती किंवा स्थलांतर करण्याआधी पंधरा दिवस आम्हाला लेखी कळवलं जाईल. ठरावाची प्रत हाती आल्याशिवाय आम्ही ग्रामपंचायतीच्या दगडाला ब्रश लावत नाही, मग तो कितीही मळलेला असो. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत आम्ही काम करत नाही. प्रत आणि फोटो आपल्या तालुक्याच्या स्वयंसेवकाकडे द्यावेत. सफाईच्या तारखा पोळ्यानंतर, पाऊस ओसरला की लावल्या जातील.

— युद्धस्मारक जतन स्वयंसेवक, जळगाव, धुळे व नंदुरबार