पाळी लांबली? आधी चाचणी करा

संपादक महोदय,
गौरी-गणपतीच्या तोंडावर पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय सर्रास विकल्या जातात. नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, तारखेच्या 3 दिवस आधीपासून, असा नेहमीचा डोस. थांबवल्यावर साधारण 2-3 दिवसांत पाळी येते. पण या पद्धतीने घेतलेली गोळी गर्भनिरोधक नव्हे, हे काउंटरवर कोणी सांगत नाही. रक्ताची गुठळी झालेल्यांनी तर ती घेऊच नये.

गोळी न घेताही पाळी लांबते, कारण बहुधा बीजच उशिरा सुटलेले असते. ताप, परीक्षेचा ताण, कडक उपास किंवा झपाट्याने घटलेले वजन यांमुळे ते रखडते. सुटल्यावर मात्र पाळीला साधारण 12 ते 14 दिवसच लागतात. थायरॉइडचा विकार आणि पीसीओएस (बीजकोषांशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) ही नेहमीची कारणे आहेतच.

आठवडाभर उशीर झाला आणि गर्भधारणेची शक्यता असेल, तर सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करावी. एकच रेघ आली तर आठवड्याने पुन्हा. पपई खात बसू नये. दोन रेघा आल्या आणि ओटीपोटात एका बाजूला कळ किंवा रक्तस्राव असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. चाचणी नकारात्मक असूनही तीन महिने पाळी नसेल तर टीएसएच (थायरॉइडसाठी) व प्रोलॅक्टिन (दूध निर्माण करणारे हार्मोन) या रक्तचाचण्या आणि सोनोग्राफी करून घ्यावी.

– स्त्री-आरोग्य क्षेत्रातील काही कार्यकर्त्या