काठीच्या होळीला जाण्याआधी

कोथरूड, पुणे

चि. मृण्मयी,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. होळीच्या रात्री काठी गावाला जाऊ का, आणि इथली तुझी मित्रमंडळी ड्रोन घेऊन यायचं म्हणताहेत, त्यांना काय सांगू. रेंज सारखी जात होती, म्हणून लिहूनच काढतो. तू जरूर जा. ड्रोन मात्र पुण्यातच राहू दे, आणि हे त्यांना तूच सांग, माझं ऐकायचे नाहीत.

मी अक्कलकुव्याला नोकरीला होतो तेव्हा तो मुलूख धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार 1998 मध्ये वेगळा झाला. होळी तेव्हाही हीच. काठी हे अक्कलकुवा तालुक्यातलं जुनं संस्थान, म्हणून ती राजवाडी होळी. लोक 1246 सालापासूनची म्हणतात. ते साल मी कधी तपासायला गेलो नाही, पण होळीच्या दांड्याचा मान डोळ्यांनी पाहिला आहे. उंचच उंच सरळ बांबू जंगलातून खांद्यावरून येतो. त्याच्यासाठीचा खड्डा कुदळीने नाही, हातांनी उकरतात. खजूर, खोबरं, हार-कडे बांधून तो उभा राहिला की रात्रभर ढोल, आणि होळी पेटते ती पहाटे. आपल्याकडे संध्याकाळी होळी पेटवून पुरणपोळीवर बसायची सवय, त्यामुळे बाहेरून आलेली माणसं बाराच्या सुमारास कंटाळून गाडीत जाऊन झोपतात आणि नेमकं तेच चुकवतात.

आता बुध्यांबद्दल, म्हणजे होळीला सजून नाचणाऱ्या पुरुषांबद्दल. फोटोत तू पाहिलेच असतील. अंगभर राखेचे आणि तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा उंच टोप, त्यात मोरपिसं, कमरेला वाळके दुधी भोपळे आणि घुंगरं. अंधारात बुध्या दिसायच्या आधी ऐकू येतो. पाऊल पडलं की भोपळ्यातल्या बिया एकदम खुळखुळतात, आणि तसे पन्नास जण एका ठेक्यावर आले की बोलणं बंदच करावं लागतं. पण तिथली डॉक्टर म्हणून तुझ्या कामाचं आहे ते त्याच्याही आधीचं. यातले बरेच जण नवसाचे असतात. घरातलं आजारपण टळावं, मूल व्हावं, यासाठी बोललेला नवस ते फेडत असतात. त्यासाठी होळीआधी काही दिवस पाळणी असते. खाटेवर झोपायचं नाही, पायात काही घालायचं नाही, अंघोळ नाही, खाण्यावर बंधन, आणि बाईचा स्पर्श टाळायचा. गावोगाव थोडाफार फरक असेल. पण नाच हा त्या पाळणीचा शेवट आहे, कार्यक्रम नव्हे.

तू ढोल-ताशा पथकात होतीस, मुठेकाठी दोन-दोन महिने सराव केलास, तेव्हा तुझी नजर पटकन ठेक्याकडे जाईल. तिथे असा सराव नसतो. पोर बापाच्या मागे चालत चालत शिकतं.

तर डॉक्टरीणबाई, तुझी खरी अडचण इथे आहे. अर्धपोटी, जागरण झालेला, पायात काटा रुतलेला पाळणीतला माणूस तुझ्यापुढे येईल आणि तू हात लावलेला त्याला चालणार नाही. रागावू नकोस. साधी जखम असेल तर पुरुष आरोग्यसेवकाकडून बांधून घे, तू शेजारी उभी राहून सांग. तो चक्कर येऊन पडला, भाजला, तर मात्र विचारत बसू नकोस, सरळ नाडी बघ. पाळणी मोडल्याचं काय करायचं ते तो आणि त्याचं गाव ठरवेल. माझा अनुभव असा की माणूस वाचला तर कोणी वाईट बोलत नाही.

आणि एक. होळीच्या आधीच्या आठवड्यात धडगावकडचा भोंगऱ्या बाजार बघच. डाळ्या, गूळ, हार-कडे, ढोल, बायकांच्या अंगावर ठसठशीत चांदी. काही लोक अजूनही त्याला पळवून नेऊन लग्न करण्याचा बाजार म्हणून छापतात. तिथल्या आदिवासी संघटनांनी यावर पुष्कळदा आक्षेप घेतला आहे, आणि तो रास्त आहे. तो होळीच्या खरेदीचा बाजार आहे, एवढं मित्रांनाही सांग.

पण माझा डोळा वेगळ्या गोष्टीवर आहे. ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत गेलेली कुटुंबं होळीला घरी येतातच. वर्षभर तुझ्या रजिस्टरमध्ये ‘बाहेरगावी’ असा शेरा असलेली पोरं त्या आठवड्यात गावात सापडतात. लस राहिलेली, वजन न घेतलेली, सगळी. शिवाय होळ्या एकाच दिवशी नसतात. डाब गावची आधी, मग काठीची, पुढे एकेका गावाची, म्हणजे बुध्यांनाही सगळीकडे जाता येतं आणि तुलाही. बाजाराच्या दिवशी लसीकरणाचं टेबल टाकून बस.

गेल्या रविवारी क्वीन्स गार्डनजवळच्या आदिवासी संग्रहालयात गेलो होतो. वाद्यं, दागिने, मुखवटे, सगळं काचेत नीट मांडलेलं. शाळेची मुलं रांगेने पुढे सरकत होती. चांगलं आहे, पण भोपळ्याचा आवाज तिथे येत नाही.

आपल्या सोसायटीतले गणपतीत ‘आदिवासी डान्स’ बसवायचा म्हणून तुझ्याकडे तो पोशाख मागणार आहेत. मी आधीच नाही म्हटलं आहे. तिथली नाचाची पथकं कधी कधी शहरात येतात, मानधन घेऊन नाचतात, तो त्यांचा निर्णय. त्यांना रीतसर बोलवा म्हटलं, तर समितीला बजेट नाही.

लसीकरण सत्राच्या तारखा ठरल्या की तालुक्याला आधी कळव. व्हॅक्सिन कॅरियर आणि बर्फ त्या आठवड्यात सगळ्यांनाच हवा असतो, आणि सणामुळे ड्रायव्हर मिळणं कठीण.

तुझा,
बाबा