डोंग्याला आधी वारा लागू दे

पवनी
पोळ्यानंतरचा सोमवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुझ्या डोंग्याला, म्हणजे मासेमारीच्या लाकडी होडीला, बुरशी लागल्याचं कळलं. मारबतीच्या दिवशी, इडापिडा घालवायला पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा, ‘डोंग्यावरची बुरशी घेऊन जा गे मारबत’ असं तू ओरडलास, हे वाचून घरात सगळे हसले. पण ती मारबतीने जायची नाही. आणि पुढच्या आठवड्यात वरून डांबर मारून मोकळा होतो म्हणतोस, ते तर मुळीच करू नकोस. ओल्या लाकडावर डांबर फासलं की ओल आत कोंडते आणि वरून सगळं झकास दिसत असताना फळी आतून सडते.

तुझा डोंगा गोठ्यात, भाताच्या तणशीच्या ढिगाला टेकून, वर ताडपत्री करकचून बांधलेली. बुरशीला आणखी काय पाहिजे? पाऊस आत येत नसेल, पण जमिनीची वाफ आणि तणशीचा दमटपणा तर येतो. रात्री गारवा पडला की त्याचंच पाणी ताडपत्रीच्या पोटाला धरतं आणि डोंग्यात ठिबकतं. आधी ताडपत्री काढ. डोंगा पालथा घाल, विटांवर हातभर उचलून ठेव आणि दोन्ही टोकांनी वारा खेळू दे. भादव्यातलं ऊन बघून अंगणात मात्र आणू नकोस. वरचा थर झटकन वाळून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि फळी तडकते. आमच्या घाटावरचे एक ढिवर (मासेमार) काका म्हणतात, “लाकूड सावलीतच वारू दे बावा, घाई कायची?”

पांढरी-हिरवी बुरशी कोरडी झाडू नकोस, धूळ सगळी नाकात जाते. तोंडाला दुपट्टा बांध, ओल्या फडक्याने पुसून घे, मग साबणाच्या पाण्याने घास. आतल्या बाजूला मासळीचा जो चिकट थर बसलेला असतो ना, बुरशी त्याच्यावरच पोसते, म्हणून घासायचं तिथेच जास्त. ब्लीचिंगच्या पाण्याने डाग फिके पडतील, पण ते लाकडात खोल जात नाही, उलट पाणी तेवढं मुरतं. आणि ब्लीचिंगमध्ये संडास धुवायचं अॅसिड किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नकोस. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद गोठ्यात तो जिवावर बेतेल.

आता महत्त्वाचं. पोती शिवायचं दाभण घे आणि फळ्यांचे सांधे, तळ, खिळ्यांच्या आजूबाजूची जागा टोचत जा. टोक अडलं तर बुरशी वरवरची आहे. लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं तर ती फळी गेली. तिथे औषध-बिवषध काही नाही, सुतार बोलव. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की कुजवणारी बुरशी धरते, त्याखाली तिचं फारसं चालत नाही. म्हणून मी वाऱ्याच्या मागे लागलोय.

जी लाकडं शाबूत निघतील त्यांना टाकणखार (बोरॅक्स) दीड भाग आणि बोरिक पावडर एक भाग, गरम पाण्यात विरघळवून, ब्रशने दोनदा दे. बोरिक म्हणजे आपण कॅरमवर टाकायचो तीच पावडर, फक्त इथे औषधाच्या दुकानातली शुद्ध आण. लेकराबाळांच्या आणि बैलांच्या तोंडापासून दूर ठेव. हे औषध पाण्याने धुऊन निघतं, त्यामुळे नुसतं लावून डोंगा तलावात घातला तर मेहनत पाण्यात. लाकूड परत पूर्ण वाळलं की वरून डबल बॉईल जवसाचं तेल किंवा रंग दे. डांबराची हौस असेल तर तेव्हा मार, सांध्यांत कापूस भरून. माझं विचारशील तर आतून तेल आणि तळाला डांबर.

सुती दोर कुजला असेल तर फेकून दे, त्यावर जीव टांगू नये. नायलॉनची जाळी धुऊन वाळव, तिला बुरशीने काही होत नाही.

पुढच्या पावसाळ्यात ताडपत्री घालायचीच असेल तर मधे उंचावर आडवा बांबू धर, कडा मोकळ्या सोड आणि तणस दुसरीकडे रच. वहिनींना सांग, डोंग्यात कांदे ठेवायचे नाहीत!

दाभण कुठे किती शिरलं ते कळव. सुतार लागला तर इकडून एक ओळखीचा पाठवतो.

तुझाच,
पवनीकर

ता. क. – जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेतात, त्यात तुझ्या गोठ्यात तणस. पाण्यात बुडव नाहीतर एकेक पसरून अंगणात वाळव.