शंखात कोणीतरी होतं

लोकमान्य नगर, इंदूर
३ जानेवारी

प्रिय मंदा,

आठ महिन्यांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. रागाव, तुझा हक्कच आहे. पण हे तुलाच सांगायचं आहे. बाकीचे म्हणतील, एवढ्याशा खेकड्याचं काय घेऊन बसलीस! माझा गुडघा ठीक, यांची शुगर आटोक्यात.

नाताळच्या सुट्टीत विनूनं आम्हाला उडुपीला नेलं. मालपेहून बोटीनं सेंट मेरी बेटांवर गेलो. तू असतीस तर नावाड्यालासुद्धा लाइफ जॅकेट नीट बांधायला लावलं असतंस! बेटावर पाय ठेवला आणि तुझीच आठवण आली. दगडाचे खांबच खांब, एकाला एक खेटून, बरेचसे षट्कोनी, मधाच्या पोळ्यासारखे. तापलेला लाव्हा निवताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात, आपल्या काळ्या मातीला वैशाखात पडतात तशा. मादागास्कर भारतापासून तुटत होतं तेव्हाचा, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा हा दगड. आपला माळव्याचा काळा दगड ६.६ कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे धाकटाच. होळकर कॉलेजात तू हे सगळं घोकायचीस तेव्हा मी जांभया द्यायचे. आता त्या खांबावर हात ठेवून वाटलं, मंदी शेजारी हवी होती.

ओहोटी होती. खाचांत साचलेल्या पाण्यात नखाएवढे मासे, खडकाला कालवं चिकटलेली, वर विटकरी पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार. अथर्वनं सहा शंख गोळा केले. एक मला दाखवला, "आजी, हा रिकामा आहे ना?" मी पालथा करून पाहिला. आत काळोख. म्हटलं, घे.

इंदूरला आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच्या दप्तरातून वास आला. शंखाच्या तोंडातून एक तपकिरी नांगी लोंबत होती, मागे दोन बारीक पाय आणि देठावरचे डोळे. शंखात राहणारा खेकडा गं. माझी चाहूल लागताच आत सरकून त्यानं नांगीनं दार लावून घेतलं होतं, आणि ते दारच मला काळोख वाटलं. त्याचे कल्ले ओले राहिले तरच त्याला श्वास घेता येतो. दोन दिवस रेल्वेत, कोरड्या दप्तरात. मीच "घे" म्हटलं होतं, मंदा.

सिरपूर तलावावरची टिटवीची अंडी आठवतात? मी दोन उचलली, तू हातातून काढून घेतलीस आणि टोकं आत करून, होती तशी मांडलीस. टिटवी डोक्यावर ओरडत होती. मग आपण चार महिने बोललो नाही. मंदी फार शिष्ट आहे, असं मी रामबागेत घरोघर सांगत फिरले. तुझं बरोबर होतं. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

अथर्वला वाटतं तो झोपलाय. वाटीत मिठाचं पाणी करून त्यानं शंख त्यात ठेवलाय, शाळेतून आला की आधी तिथे बघतो. मी अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते, आणि रोज पोळी वाढून गप्प बसते. सात वर्षांच्या पोराला कसं सांगायचं? तू शाळेत एवढी पोरं सांभाळलीस, तूच सांग.

नेहाचं बाळंतपण कधी? घराची गळती काढली का? दादांना नमस्कार.

आणि एक काम. उरलेले पाच शंख खरंच रिकामे आहेत, टॉर्च मारून तीनदा पाहिले. पण त्या खेकड्यांना शंख बनवता येत नाही. अंग वाढलं की मोठा रिकामा शंख शोधत फिरावं लागतं. हे पाच कापसात गुंडाळून रत्नागिरीला पाठवते आहे. ओहोटीच्या वेळी भाट्याच्या किनाऱ्यावर ठेवशील? खडकांच्या बाजूला ठेव, वाळूत नको.

तुझी,
वसू