फोडणीतली हळद आणि बाटलीतला अर्क

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर हळद, आले आणि त्यांच्या कुळातील इतर वनस्पतींच्या दाहशामक गुणांविषयी अधूनमधून मजकूर येत असतो. त्यातले बरेचसे चुकीचे नसते. परंतु फोडणीतली हळद आणि औषधाच्या दुकानात मिळणारी कर्क्युमिनची (हळदीतील मुख्य पिवळ्या द्रव्याची) कॅप्सूल या जणू एकच वस्तू आहेत असे गृहीत धरून ते लिहिलेले असते, आणि माझी हरकत त्याला आहे.

हळदपुडीत कर्क्युमिन वजनाच्या सुमारे तीन टक्के असते. म्हणजे दिवसभरात दोन ग्रॅम हळद पोटात गेली तरी कर्क्युमिन जेमतेम 60 मिलिग्रॅम होते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फारसे शोषले जात नाही, आणि जे शोषले जाते त्याचेही यकृत लगोलग रूपांतर करून टाकते. प्रयोगशाळेत पेशींवर थेट सोडल्यास ते दाहाला चालना देणारी ‘एनएफ-कप्पा-बी’ ही यंत्रणा रोखते हे खरे. मात्र तेवढी मात्रा रक्तात पोहोचत नाही, ही अडचण लेखांतून सहसा वगळली जाते.

माणसांवरील चाचण्या झाल्या त्या हळदीतून काढलेल्या दाट अर्काच्या. थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या 367 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2014) रोज 1500 मिलिग्रॅम अर्काने चार आठवड्यांत आयबुप्रोफेनच्या तोडीचा आराम दिला. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात 70 रुग्णांवर बारा आठवडे झालेली चाचणी (2020) मला अधिक बोलकी वाटते. तेथे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा अर्काने वेदना अधिक कमी झाली, पण एमआरआयमध्ये गुडघ्यातील पाणी आणि सूज यांत फरक दिसला नाही. वेदना कमी होणे रुग्णाच्या दृष्टीने मोलाचेच आहे. तरीही त्याला ‘दाह शमला’ असे म्हणणे घाईचे ठरते.

आल्याबाबतही हाच सैलपणा दिसतो. ओल्या आल्यात जिंजेरॉल हे तिखट द्रव्य असते, वाळवताना त्यातील काहीचे शोगाओल हे वेगळे द्रव्य होते. त्यामुळे आले आणि सुंठ यांचे रसायन सारखे नाही. शिवाय आल्याचा सर्वांत भक्कम पुरावा मळमळीसाठी आहे, सांधेदुखीसाठी नव्हे.

येथे एक अवांतर मुद्दा. हळदीने जखम भरण्यावरचे अमेरिकी पेटंट वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने 1997 मध्ये रद्द करवले, याचा दाखला हळदीच्या गुणाचा पुरावा म्हणून नेहमी दिला जातो. सांगलीकर असल्याने त्या विजयाचा मलाही अभिमान आहे. पण ते पेटंट रद्द झाले ते हा उपयोग नवा नव्हता म्हणून. तो किती गुणकारी आहे, याचा निवाडा तेथे झालाच नाही.

खरी काळजी मिऱ्यातील पाइपरीनची आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी 1998 मध्ये दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पाइपरीन दिल्यावर शोषण 2000 टक्क्यांनी वाढल्याचे नोंदवले, आणि तेव्हापासून अनेक कंपन्या दोन्ही एकत्र विकतात. मात्र पाइपरीन हे साधते ते शरीराची निचऱ्याची प्रक्रिया मंदावून, आणि ही प्रक्रिया इतर अनेक औषधांसाठीही तीच असते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना हे माहीत असायला हवे. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या अर्काची पूरके, म्हणजे आहाराला जोड म्हणून घ्यायच्या गोळ्या, घेतलेल्यांमध्ये यकृतदाहाचे रुग्ण आढळले, आणि पुढे अमेरिकेतूनही अशा नोंदी आल्या. असे रुग्ण थोडेच असतात, पण ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ या समजुतीपायी डॉक्टरांना ही गोळी सांगितलीच जात नाही.

म्हणून विनंती एवढीच की, यापुढे अशा लेखांत प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर, मात्रा किती होती, आणि ती पुडीची होती की अर्काची, हे प्रत्येक वेळी छापावे. त्याच पानावर पूरकांच्या जाहिराती असतील, तर पाइपरीनबाबतची सूचनाही शेजारीच द्यावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली