सारंगखेड्याच्या यात्रेतल्या त्या बापलेकाचे आभार

दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलो होतो, घोडे बघायला म्हणून, आणि तापीच्या पुलाकडे गाडी काढली तेव्हा बायकोच्या लक्षात आलं की पिशवी नाहीये, आत तिची पोत, मोबाईल आणि कापूस विकून आलेले थोडे पैसे, माझे तर हातपायच गळाले. गर्दीतून उलटं पळत जिथे कळण्याची भाकर अन् भरीत खाल्लं होतं तिथे पोचतो न पोचतो तर दहा-बारा वर्षांचा पोरगा समोरून पळत आला, "भाऊ, हाई पिशवी तुमनीच शे ना?" घामाघूम झालेला बिचारा, पार पार्किंगपर्यंत शोधून आलेला.

त्याचे वडील भाकरी थापत होते. मी पाचशेची नोट काढली तर पोराने आधी बापाकडे बघितलं, बापाने नुसती मान हलवली, आणि पोराने हात मागे घेतला. वर आम्हाला चहा पाजला, त्याचेही पैसे नाही घेतले!

नाव विचारायचं राहूनच गेलं यार. दादा, लई लई आभार. आमची पोरगी तेव्हापासून दुकानदाराने चुकून जास्त दिलेले दोन रुपयेसुद्धा परत करायला पळते, मी कंटाळा केला तरी.