नागपूर करारातले अर्धेच वाक्य पाळले जाते

महोदय,

हिवाळी अधिवेशन जवळ आले की नागपुरातील रस्त्यांना डांबर लागते, रविभवनातील बंगल्यांची रंगरंगोटी सुरू होते आणि त्याच सुमारास, आठ-पंधरा दिवसांसाठी एवढा लवाजमा घेऊन सरकारने तिकडे जावेच कशाला, हा प्रश्न मुंबई-पुण्याकडून दरवर्षी विचारला जातो. विदर्भातून त्याला ‘नागपूर करार’ हे ठरलेले उत्तर दिले जाते. करारात नेमके काय लिहिले आहे, हे मात्र प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे दोघेही क्वचितच पाहतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे प्रभृती नेत्यांनी सह्या केलेल्या या कराराने नियोजित मराठी राज्याची राजधानी मुंबई ठरवली. त्याचबरोबर, या भागातील जनतेशी निकटचा संबंध राहावा म्हणून शासन ठरावीक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचे वर्षाकाठी किमान एक अधिवेशन तेथे होईल, अशी हमी त्यात दिली गेली. ही हमी दुहेरी आहे. तिचा उत्तरार्ध १९६० पासून, करोनाकाळासारखे अपवाद सोडले तर, पाळला जातो. पूर्वार्ध म्हणजे शासनाने हलणे. ते अधिवेशनाच्या दिवसांतच उरकले असे आपण धरून चाललो आहोत. अधिवेशनात मंत्री सभागृहात, सचिव अधिकारी दीर्घेत लक्षवेधी सूचनांची उत्तरे जुळवण्यात आणि मोर्चेकरी टेकडी रोडवरच्या कठड्यांपाशी, अशी विभागणी असते. या धावपळीत एखाद्या गावकऱ्याच्या फाइलवर निर्णय होईल, अशी अपेक्षा कोणी करावी?

ही हमी का द्यावी लागली, हेही ध्यानात घ्यायला हवे. १८६१ पासून नागपूर हे मध्य प्रांताचे आणि पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडचे मुख्य ठाणे होते. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते मध्य प्रदेशाची राजधानी होते. तेथे स्वतंत्र उच्च न्यायालयही होते. राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळला, तर उच्च न्यायालय जबलपूरला गेले. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला ठेवून हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात सामील करण्यात आला. हाती असलेले राजधानीपण सोडून हे शहर नव्या राज्यात आले.

असे करार अन्यत्रही झाले आहेत. १९३७ च्या श्रीबाग करारात किनारी आंध्रच्या नेत्यांनी रायलसीमेला राजधानी किंवा उच्च न्यायालय यांपैकी एक देण्याचे मान्य केले होते. त्यानुसार १९५३ मध्ये रायलसीमेतील कर्नूल आंध्र राज्याची राजधानी झाले आणि अवघ्या तीन वर्षांत हैदराबादने ते मानाचे स्थान घेतले. अलीकडे अमरावती, विशाखापट्टणम आणि कर्नूल अशा तीन राजधान्यांचा जो वाद आंध्र प्रदेशात पेटला, त्यात कर्नूलच्या बाजूने श्रीबागचाच दाखला दिला जात होता. जम्मू-काश्मीरमध्ये १८७२ पासून चालत आलेली दरबार बदलण्याची प्रथा तर याहून पुढची. तेथे केवळ सभागृह हलत नसे. सचिवालय, अधिकारी आणि ट्रक भरभरून फाइली वर्षातून दोनदा श्रीनगर-जम्मू वाटचाल करीत. खर्चाचे कारण देऊन २०२१ मध्ये ही प्रथा बंद झाली, तेव्हा जम्मूचे व्यापारी हवालदिल झाले, आणि २०२४ मध्ये निवडून आलेल्या सरकारने ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू केली. उलट टोक उत्तराखंडचे: गैरसैण ही उन्हाळी राजधानी २०२० मध्ये जाहीर झाली खरी, पण तेथील थंडी सोसत नाही म्हणून अधिवेशन डेहराडूनला घ्यावे, असा आग्रह आमदारांनीच धरला. कर्नाटकने बेळगावात बांधलेल्या सुवर्णसौध या विधानभवनाबद्दल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. तेथे अधिवेशन भरवण्यामागे जनतेच्या निकट जाण्यापेक्षा सीमेवरचा दावा ठासून सांगण्याचाच हेतू अधिक दिसतो.

घटनेची आडकाठी म्हणावी तर तीही नाही. राज्याची राजधानी कोठे असावी, याबद्दल आपली राज्यघटना काहीच सांगत नाही. अनुच्छेद १७४ नुसार राज्यपालांना योग्य वाटेल त्या ठिकाणी सभागृहाची बैठक बोलावता येते. उत्तर प्रदेशाचे उच्च न्यायालय प्रयागराजला, राजस्थानचे जोधपूरला, ओडिशाचे कटकला आणि केरळचे कोचीला आहे. राज्याचा कारभार एकाच शहरातून चालला पाहिजे, असा कोणताही दंडक या देशात नाही.

खुद्द महाराष्ट्रातही तो नाही, आणि माझ्या मते या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. कृषी आयुक्त, साखर आयुक्त, सहकार आयुक्त, जमाबंदी आयुक्त, शिक्षण आयुक्त, नोंदणी महानिरीक्षक ही सारी राज्यस्तरीय कार्यालये पुण्यात आहेत. मुंबई इलाख्याच्या काळात गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवीत, कौन्सिल हॉलमध्ये बैठका भरत. त्या वहिवाटीचा हा वारसा असेल. कसेही असो, अधिवेशन न भरवता, उपराजधानी न म्हणवता पुणे राज्यकारभाराचे दुसरे केंद्र झाले आहे. साखर आयुक्त पुण्यात असणे समजण्यासारखे आहे, पण यवतमाळच्या कापूस उत्पादकाने कृषी आयुक्तांकडे दाद मागायची तर त्याने पुण्याचीच वाट का धरावी? याउलट वनविभागाचे मुख्यालय नागपूरच्या वनभवनात आहे, कारण राज्याचे मोठे जंगल गडचिरोली-चंद्रपूरकडे आहे. त्यामुळे वनखात्याचा कारभार अडला, असे कोणी म्हणत नाही.

म्हणून अधिवेशन चार दिवसांनी वाढवा, ही आमच्याकडच्या लोकप्रतिनिधींची नेहमीची मागणी मला अपुरी वाटते. अधिवेशन किती चालले यापेक्षा ते संपल्यावर नागपुरात कोण उरते, याला महत्त्व आहे. विधिमंडळ सचिवालयाने २०२१ मध्ये तेथे आपला कायमस्वरूपी कक्ष उघडला. शासनाला, म्हणजे मंत्रालयाला, हे का जमू नये? आता बहुतेक फाइली संगणकावर फिरतात. ट्रक भरून नेण्याचे दिवस गेले. वर्षातून ठरलेल्या महिन्यात, अधिवेशनाचे दिवस वगळून, मुख्यमंत्र्यांसह सिंचन, कृषी, महसूल, आदिवासी विकास आणि ऊर्जा या खात्यांचे मंत्री व सचिव नागपुरात बसावेत. मंत्रिमंडळाच्या बैठका तेथे व्हाव्यात. आणि त्या काळात विदर्भाच्या किती प्रकरणांवर निर्णय झाला, याची यादी शासनाने प्रसिद्ध करावी. कापसाशी संबंधित कृषी खात्याचा स्वतंत्र, निर्णयाधिकार असलेला विभाग नागपूर किंवा अमरावतीला असावा, ही त्याला जोडून मागणी.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. नागपुरातील रामगिरी, देवगिरी, रविभवन, आमदार निवास, हैदराबाद हाऊस या सरकारी वास्तू बाराही महिने राखाव्या लागतातच. त्या बहुतेक काळ रिकाम्या ठेवण्यात कसली काटकसर होते, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे. समृद्धी महामार्गामुळे आता मुंबई जवळ आली, मग सरकारने नागपूरला येण्याची गरज काय, असेही काही जण म्हणतील. मुंबई जवळ आली असेल तर मुंबईहून नागपूरही तितकेच जवळ आले आहे.

येत्या अधिवेशनाचे कामकाज ठरवताना कामकाज सल्लागार समितीपुढे हा विषय कोणा सदस्याने मांडावा आणि शासनाने नागपुरातील आपल्या मुक्कामाचे वेळापत्रक अधिवेशनाच्या तारखांपासून वेगळे काढून जाहीर करावे, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, यवतमाळ